फायनल, फायनल-फायनल आणि आजी

‘‘ताई, आजी गेली!’’

रात्रीचे पावणेबारा. कळसच्या आमच्या घराची ओसरी. माझी धाकटी चुलतबहीण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली आणि चेहरा पांढराफटक. खरं तर आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं, परवावर वर्षश्राद्ध होतं. त्यामुळे ही कुठल्या आजीबद्दल बोलतेय हे मला क्षणात कळलं आणि पोटात गोळा आला. ‘आजी’ हे आमच्या फोल्डरचं नाव होतं. त्यातली चाळीस पानं गायब होती.

आणि ती मी घालवली होती. सकाळी, पुण्यातल्या माझ्या रूमवर, चहाचा कप हातात असताना, एका ओळीत!

थांबा, पहिल्यापासून सांगते.

आधी एक खुलासा. कळस म्हटलं की पुण्यातल्या लोकांना विश्रांतवाडीजवळचं कळस आठवतं. ‘‘अगं मग रिक्षानं ये की!’’ असंही मला ऐकवून झालंय. आमचं कळस वेगळं, ते इंदापूर तालुक्यात. स्वारगेटहून एसटीनं बारामती, तिथे गाडी बदलायची आणि मग उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे-मागे पुढे. एकाच नावाची दोन गावं आणि दोघांचाही दावा, की खरं कळस आमचंच. लक्षात ठेवा, पुढे हाच घोळ होणार आहे.

प्रोजेक्ट आजी

दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही चुलत भावंडांनी मिळून आजीला मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तिचं माहेर, लग्न, जात्यावरच्या ओव्या, १९७२चा दुष्काळ, सगळं. आजी गेल्यावर ठरलं, की वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांना भांड्याऐवजी एक छोटं पुस्तक द्यायचं. रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायचं काम धाकटीकडे. ती बारामतीत कॉलेजला आहे आणि घरी कळसलाच राहते. एडिटिंग माझ्याकडे, कारण मी मास कॉम केलेली ‘पत्रकार’. आणि हिंजवडीतला आमचा दादा टेक्निकल सपोर्ट.

सुरुवातीला आम्ही सगळे करतात तेच केलं. मेलवर फाईल पाठवायची. ‘आजी फायनल’. मग ‘आजी फायनल नवीन’. मग ‘आजी फायनल ताईने बघितलेलं’. एक दिवस ‘आजी फायनल फायनल ही घ्या’ अशी फाईल आली आणि दादाचा पेशन्स संपला. ‘‘तुम्ही दोघी गिट शिका,’’ तो म्हणाला.

तुमच्यापैकी जे आयटीत आहेत ते आता हसत असतील. हसा! पण गिट वापरणारे आणि गिट समजलेले यांच्यात केवढं अंतर असतं हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येच बघा. तीन कमांड पाठ असतात. ॲड, कमिट, पुश. चौथी लागली की माणूस गुगल करतो, पहिलं उत्तर कॉपी करतो, पेस्ट करतो आणि देवाचं नाव घेतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सोपं करून. गिट म्हणजे तुमच्या फोल्डरची डायरी. तुम्ही ‘कमिट’ केलं, की त्या क्षणी सगळ्या फाईली कशा होत्या, बदल कुणी केला, कधी आणि का, याची नोंद होते. त्या नोंदीला एक लांबलचक नंबर मिळतो. हवं तेव्हा मागच्या नोंदीवर जाता येतं. आणि ही अख्खी डायरी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असते, फक्त सर्व्हरवर नाही.

ही करामत लिनक्सवाल्या लिनस टोरव्हाल्ड्स यांची. लिनक्सचं काम ज्या ‘बिटकीपर’ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचं, त्याचा फुकट वापर २००५ साली बंद झाला. जगभर विखुरलेले प्रोग्रामर, रोज येणारे ढीगभर बदल, आणि ते ठेवायला जागा नाही! मग एप्रिल २००५मध्ये या गृहस्थांनी स्वतःच एक टूल लिहायला घेतलं आणि काही दिवसांत उभं केलं. नाव ठेवलं गिट. इंग्रजांच्या बोलीत याचा अर्थ साधारण ‘आगाऊ, बिनडोक माणूस’ असा होतो. ते नाव मला उद्देशून असावं असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

मी नेमकं काय केलं?

सकाळी मी माझं एडिटिंग संपवलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बारामतीच्या प्रिंटिंगवाल्याकडे फाईल जायची होती. कमिट केलं, पुश केलं आणि लाल अक्षरात उत्तर आलं, ‘रिजेक्टेड’.

आम्हा फ्रीलान्सरना हा शब्द नवीन नाही, पण मशीनकडून ऐकायची सवय नव्हती. एसटी गाठायची होती. गुगल केलं. कुणीतरी लिहिलं होतं, पुशच्या मागे ‘फोर्स’ जोडा. जोडलं. झालं! मशीन गप्प. मी खूश. बॅग उचलली आणि स्वारगेट गाठलं.

आता हे ‘रिजेक्टेड’ म्हणजे काय, तर गिट मला हात जोडून सांगत होतं, ‘बाई, तुम्ही शेवटचं बघितलंत त्यानंतर इथे दुसऱ्या कुणीतरी काम ठेवलंय. आधी ते बघा, मग तुमचं ठेवा.’ आणि मी काय म्हटलं? ‘ते फेकून दे, माझं ठेव.’

ते काम धाकटीचं होतं. तीन महिने ती स्वतःच्या लॅपटॉपवर टाईप करत होती, कमिटही करत होती, पण पुश मात्र आदल्या रात्री एकदमच केलं होतं. चाळीस पानं. आणि मूळ रेकॉर्डिंग? तो मोबाईल पावसाळ्यात उसाला पाणी देताना पाटात पडला होता. आजी नाही, तिचा आवाज नाही, उरली होती ती हीच चाळीस पानं.

रात्री तिनं लॅपटॉप उघडला आणि सर्व्हरवरून ‘पुल’ करायला गेली. गिटनं नकार दिला, कारण दोन्हीकडच्या कहाण्या वेगळ्या. तीही माझीच बहीण! तिनंही गुगल केलं. कुणीतरी लिहिलं होतं, ‘हार्ड रिसेट’ मारा, सगळं सर्व्हरसारखं होईल. मारलं. खरंच सगळं सर्व्हरसारखं झालं. म्हणजे माझ्यासारखं.

दोघींनी मिळून आजीला दोन वेळा पुसलं होतं. आणि दोन्ही वेळा मशीननं आधी ‘नको’ म्हटलं होतं.

काकांची फाईल

दादाला फोन लावला. तो अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर मीटिंगमध्ये. हळू आवाजात एवढंच म्हणाला, ‘‘कशालाही हात लावू नका. लॅपटॉप बंद करू नका. गुगल तर अजिबात करू नका! अर्ध्या तासात फोन करतो.’’

तो अर्धा तास मी विसरणार नाही. धाकटी रडत नव्हती, नुसती बघत बसली होती. मी ‘सॉरी’ म्हटलं तर म्हणाली, ‘‘ताई, तू नको ना बोलू.’’ आमच्या आवाजानं काका उठून आले.

‘‘काय झालं गं?’’

‘‘काका, आधीचं लिहिलेलं पुसलं गेलं. माझ्या हातनं.’’

‘‘पुसलं म्हणजे? आधीची नोंद कशी जाईल?’’

मला वाटलं, यांना काय सांगायचं. काका आत गेले आणि कापडी पिशवीतून एक फाईल घेऊन आले. आजीच्या नावावर थोडी जमीन होती, त्याच्या वारसनोंदीचे कागद. सातबारा पुढे ठेवला आणि बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे बघ.’’

मी पत्रकार आहे, सातबारावर बातम्या लिहिल्यात. पण सातबारा नीट वाचला असा त्या रात्रीच.

मालकाच्या नावाशेजारी एक आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. काका सांगत होते, ‘‘जमिनीत काहीही बदललं, खरेदी झाली, वाटणी झाली, माणूस गेला, की आधी फेरफाराच्या वहीत नोंद धरायची. तिला नंबर. काय बदललं, कशामुळे, सगळं तिथे लिहायचं. सातबारावर नुसता नंबर येतो. कुणाला शंका आली, की नंबर घ्यायचा आणि तो फेरफार काढायचा.’’

‘‘आणि तलाठ्यानं लिहिलं की झालं?’’ (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठी तो तलाठीच.)

‘‘असं कसं होईल? ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. पंधरा दिवस असतात हरकत घ्यायला. हरकत आली तर तिची वेगळी नोंद. मग मंडळ अधिकारी बघणार, मंजूर करणार, तेव्हा सातबारावर चढणार. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा.’’

‘‘आणि जुनं नाव? ते पुसतात?’’

‘‘पुसत नाहीत गं. कंस करतात.’’

मंडळी, मी ऐकतच राहिले. कमिट, कमिटचा नंबर, कमिटचा मेसेज, रिव्ह्यू, अप्रूव्हल! ज्याला दादाच्या ऑफिसात ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात, ते आमच्या काकांना हरकतीच्या पंधरा दिवसांच्या रूपात तोंडपाठ होतं. चुकून अक्षर इकडचं तिकडे झालं तर त्यासाठीही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६मध्ये कलम १५५ आहे, लेखनातली चूक दुरुस्त करायचं. पण तीही गुपचूप खोडून करता येत नाही. दुरुस्तीचा आदेश निघतो आणि त्याचीही नोंद होते.

सातबारात सगळं गोड असतं असं मी म्हणत नाही. भावकीची भांडणं, अडकलेले फेरफार, कोर्टाच्या तारखा कुठल्या गावात नाहीत? पण भांडायला तरी मागचा कागद असतो. मी सकाळी धाकटीला हरकत घ्यायलाही वेळ दिला नव्हता.

रिफ्लॉग नावाचा देव

साडेबाराला दादाचा फोन आला. स्पीकरवर टाकला.

‘‘पहिलं काम, अख्ख्या फोल्डरची कॉपी करून दुसरीकडे ठेव. केलीस? आता टाईप कर, गिट रिफ्लॉग.’’

स्क्रीनवर ओळी आल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नंबर, पुढे काय केलं ते. सगळ्यात वर ‘रिसेट’. त्याच्या खाली ‘कमिट’. त्याच्या खाली अजून एक. धाकटीच्या तीन महिन्यांचा सगळा हिशेब!

‘‘रिसेटच्या बरोबर खालच्या ओळीचा नंबर वाच,’’ दादा म्हणाला. ‘‘आता त्या नंबरावर एक नवीन ब्रांच काढ. नाव काहीही दे.’’

तिनं नाव दिलं ‘आजी-परत’. एंटर मारलं, त्या ब्रांचवर गेली आणि चाळीसच्या चाळीस पानं समोर उभी!

आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो, की काकूही उठल्या.

नंतर दादानं समजावलं ते असं. आपल्याला वाटतं रिसेट मारल्यावर काम पुसलं जातं. कमिट केलेलं काम लगेच पुसलं जात नाही, त्याच्याकडे जाणारी पाटी फक्त काढली जाते. तुमच्या मशीनवर तुम्ही कुठे-कुठे होता याची वही म्हणजे रिफ्लॉग. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यातल्या नोंदी नव्वद दिवस राहतात, आणि कुठल्याच ब्रांचवरून पोचता येत नाही अशांच्या तीस दिवस. पण ही वही ज्याच्या-त्याच्या मशीनवरच असते. माझ्या लॅपटॉपवर शोधून मला धाकटीची पानं मिळाली नसती, कारण ती माझ्याकडे कधी आलीच नव्हती.

आणि एक गोष्ट रिफ्लॉगमध्येही नव्हती. त्या दुपारी धाकटीनं काकांची एक आठवण टाईप केली होती, दीड पान. कमिट करायचं राहिलं होतं. हार्ड रिसेटनं ती खरोखरच पुसली. कमिट न केलेल्या कामाची गिटच्या दप्तरी नोंदच नसते. नशीब, की ती सांगणारे काका शेजारी बसले होते. त्यांनी पुन्हा सांगितली. आजीची पानं गेली असती तर पुन्हा सांगायला कोण होतं?

खरा कॉन्फ्लिक्ट

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आता दोन आवृत्त्या होत्या. माझी आणि तिची. दादा म्हणाला, ‘‘मर्ज करा. कॉन्फ्लिक्ट येईल. घाबरू नका. दोघी शेजारी बसून सोडवा,’’ आणि झोपायला गेला.

कॉन्फ्लिक्ट आला की गिट फाईलमध्ये खुणा करून देतं. वर तुमचं, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रेघ, खाली समोरच्याचं. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. एकाच जागी दोघांनी वेगळं लिहिलंय, कुठलं खरं ते मला ठरवता येत नाही, तुम्ही ठरवा, एवढंच ते म्हणत असतं.

बहुतेक ठिकाणी सोपं होतं. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम. १९७२च्या प्रकरणापाशी आम्ही थांबलो.

माझ्या आवृत्तीत होतं, की बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या घरानं आलेल्या-गेलेल्याला भाकरी दिली. आमच्या घरातलं कुणी दुष्काळी कामावर गेलं नाही. हे मी बाबांकडून ऐकलं होतं, लहानपणापासून. धाकटीनं टाईप केलेल्या पहिल्या मसुद्यातला त्या जागचा परिच्छेद मला ‘विस्कळीत’ वाटला होता. मी तो काढून बाबांचं वाक्य टाकलं होतं. सफाईदार.

धाकटीच्या आवृत्तीत आजी स्वतः बोलत होती. ती खडी फोडायला गेली होती. आपल्या गावाजवळच्या कामावर नाही, लांबच्या, कुणी ओळखू नये म्हणून. पदर तोंडावर ओढून. मिलोची लाल ज्वारी खाल्ली होती. आजोबांना ते आवडलं नव्हतं आणि पुढे घरात त्याचा विषय कधी निघाला नाही. बाबा तेव्हा शिकायला बाहेर होते. त्यांना ठाऊकच नव्हतं.

‘‘काका, खरंय हे?’’ मी विचारलं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मला बरोबर न्यायची. पाच वर्षांचा होतो. दगडाचा फुफाटा उडायचा. दुपारी सुकडी मिळायची, तिच्या आशेनं मी बसून राहायचो.’’

दुपारी टाईप केलेलं आणि हार्ड रिसेटनं पुसलेलं दीड पान तेच होतं.

मला एकदम शरम वाटली. फोर्स पुश मी सकाळी केला हे खरं, पण आजीचं बोलणं मी महिनाभर आधीच पुसलं होतं. एडिटिंगच्या नावाखाली! आणि नंतर बदल कुणी केला हे बघायला ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड चालवली, तर त्या ओळीसमोर माझं नाव छापील अक्षरात उभं होतं. कमांडचं नाव कुणी ठेवलं असेल ते असो, बरोबर ठेवलंय.

एकनाथांपासून भांडारकरपर्यंत

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हातानं उतरवलेल्या प्रती फिरता-फिरता इतक्या बदलल्या, की शके १५०६ म्हणजे १५८४ साली संत एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. आणि पुढे कुणी यात आपली ओवी घुसडू नये असं शेवटी बजावूनही ठेवलं. आजच्या भाषेत, मेन ब्रांच लॉक केली!

पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. देशभरातून बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली. वि. स. सुखटणकरांनी १९२५पासून १९४३मध्ये निधन होईपर्यंत संपादनाची धुरा वाहिली. काम पुरं झालं १९६६मध्ये. सत्तेचाळीस वर्षं मर्ज चाललं होतं! पण मला आवडते ती त्यांची पद्धत. जो पाठ सर्वांत जुना-खरा वाटला तो वर छापला, आणि बाकीचे पाठभेद फेकले नाहीत, पानाखाली टिपांमध्ये ठेवले.

आणि जात्यावरच्या ओव्यांचं म्हणाल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइट्‌व्हाँ या पुण्यातल्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून, सहकाऱ्यांना घेऊन लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव. कमिटला ‘ऑथर’ का लागतो, हे त्यांना गिटच्या आधी कळलं होतं.

पहाटे तीनला आम्ही ठरवलं. वर आजीचं. तिच्याच शब्दांत, विस्कळीत तर विस्कळीत. खाली टीप : ‘घरात सांगितली जाणारी आठवण वेगळी आहे’ आणि बाबांचं वाक्य. काकांचं दीड पान शेवटी, त्यांच्या नावानं.

पण मंजुरी बाकी होती. सकाळी सातला बाबांना फोन केला. वाचून दाखवलं. पलीकडे शांतता. मग बाबा म्हणाले, ‘‘आईनं मला कधीच नाही सांगितलं.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘छापा. तसंच छापा.’’

दहा वाजता फाईल बारामतीला गेली.

तुमच्यासाठी, पुढच्या वेळी

ऑफिसात कोड लिहीत असाल, थीसिस लिहीत असाल किंवा आजीचं पुस्तक करत असाल, दादाच्या शाळेत शिकलेले हे धडे कापून डेस्कवर लावा.

‘रिजेक्टेड’ आलं तर : फोर्स नाही! आधी ‘फेच’ करा, समोरच्यानं काय ठेवलंय ते बघा, मग मर्ज करा. फक्त तुमच्या एकट्याच्या ब्रांचवर फोर्स करायचीच वेळ आली तर ‘फोर्स विथ लीज’ वापरा. मधल्या काळात तिथे दुसऱ्या कुणाचं काम आलेलं असेल तर ते तुम्हाला थांबवतं. मात्र त्याच्या आधी फेच केलंत, तर आलेलं काम डोळ्यांखालून घाला. नुसतं फेच केलं तरी गिटला वाटतं, की तुम्ही ते बघितलंय.

काम हरवलं तर : हात वर. फोल्डरची कॉपी. मग ‘रिफ्लॉग’. सापडलेल्या नंबरावर नवीन ब्रांच.

मर्ज अर्ध्यात फसलं तर : ‘मर्ज ॲबॉर्ट’. जिथून निघालात तिथे परत. चहा प्या, मग पुन्हा बसा. आणि मर्जच्या आधी हातातलं काम कमिट केलेलं असू द्या.

चुकीचं कमिट सगळ्यांकडे पोचलं तर : ‘रिसेट’ नको, ‘रिव्हर्ट’ करा. चूकही दिसते आणि दुरुस्तीही. म्हणजे कंस करा, पुसू नका.

काम अर्धं आहे आणि बॉसनं दुसरंच सांगितलं तर : ‘स्टॅश’ करून बाजूला ठेवा. पण स्टॅश म्हणजे माळा नाही, महिनोन्‌महिने टाकून विसरू नका.

पासवर्ड चुकून कमिट झाला तर : फाईल काढून टाकून उपयोग नाही, मागच्या नोंदीत तो दिसतोच. आधी पासवर्ड बदला, बाकीचं नंतर.

रोजचं : सकाळी पुल, छोटे-छोटे कमिट, घरी जाण्याआधी पुश. तीन महिन्यांचं काम एका रात्रीत पाठवू नका. प्रत्येक कामाला वेगळी ब्रांच. मेन ब्रांचमध्ये दुसऱ्यानं बघितल्याशिवाय काही नाही. आणि मेसेजमध्ये ‘बदल’, ‘अजून बदल’ असं लिहू नका. काय आणि का ते लिहा. सहा महिन्यांनी ते वाचणारा बहुतेक वेळा तुम्हीच असता.

मजकुरासाठी : वर्डच्या फाईलीत कुठली ओळ बदलली हे गिटला नीट दाखवता येत नाही. साध्या टेक्स्ट फाईली वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : न समजलेली कमांड पेस्ट करण्याआधी शेजारच्याला विचारा. शेजारी कुणी नसेल तर काकांना विचारा.

वर्षश्राद्ध नीट पार पडलं. पुस्तकं वाटली. लांबच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी बहात्तरचं पान नातीकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘मी पण होते की तिच्या शेजारी.’’ धाकटीनं लगेच मोबाईल काढला. या वेळी रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवलंय.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. नोंद मंजूर झाली. नवीन सातबाराचा फोटो त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली बाबांचं आणि काकांचं नाव, शेजारी फेरफाराचा नंबर.

आणि वर आजीचं. कंसात.